खेळयंत्राला मूठ कशाला?

घरातल्या वस्तूंकडे एकदा थोड्या वेगळ्या नजरेने पाहा. बादलीला कडी असते, जेवणाच्या डब्याला कडी असते, प्रवासाच्या बॅगेला मूठ असते. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र मूठ नसते. यामागचा नियम सरळ दिसतो. जी वस्तू न्यायची-आणायची तिला मूठ हवी. जी एका जागी राहायची तिला नको. हा नियम मोडणारी एक वस्तू १४ सप्टेंबर २००१ या दिवशी जपानमध्ये विक्रीस आली. क्योटो शहरातल्या निन्टेंडो कंपनीचे ते ‘गेमक्यूब’ नावाचे व्हिडिओ गेमचे यंत्र.

अशा यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. त्याला स्वतःचा पडदा नसतो. ते टेलिव्हिजनला जोडायचे, त्यात खेळाची तबकडी घालायची आणि हातातल्या नियंत्रकाची बटणे दाबून पडद्यावरचा खेळ खेळायचा. म्हणजे हे यंत्र टेलिव्हिजनशेजारी बसून राहणारे. तरीही गेमक्यूबच्या मागच्या बाजूला चांगले भक्कम हँडल बसवलेले होते. ‘हे यंत्र आहे की जेवणाचा डबा?’ अशी थट्टाही पुष्कळांनी केली. त्या हँडलाचा खरोखर काही उपयोग होता, की ती नुसतीच शोभा होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला नववी-दहावीच्या पुस्तकातले पदार्थविज्ञान पुरेल.

वजन कमी होते का?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मूठ लावल्याने वस्तूचे वजन कमी होत नाही; उलट मुठीच्या वजनाइतके ते वाढतेच. मग मुठीने उचललेली वस्तू हलकी का वाटते? कारण आपल्याला जाणवतात ते आपल्या स्नायूंना लावावे लागणारे बल आणि कातडीवर पडणारा दाब. वस्तूचे वजन तेच असले तरी या दोन्ही गोष्टी खूप बदलू शकतात.

गेमक्यूब सुमारे १५ सेंटिमीटर रुंद, १६ सेंटिमीटर खोल आणि ११ सेंटिमीटर उंच होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्याचे वस्तुमान १.५ किलोग्रॅम आणि गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. म्हणजे त्याचे वजन १५ न्यूटन झाले.

आता समजा, मूठ नाही आणि तुम्ही हा ठोकळा दोन्ही तळहातांत दोन बाजूंनी दाबून उचलला. त्याला खाली पडू न देणारे बल कोणते? घर्षणाचे. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले दाबण्याचे बल. तळहात आणि गुळगुळीत प्लॅस्टिक यांमधील घर्षणांक ०.३ धरला, तर दोन्ही तळहातांचे मिळून १५ न्यूटन घर्षण मिळण्यासाठी प्रत्येक तळहाताने निदान २५ न्यूटन बलाने दाबले पाहिजे. गंमत पाहा! वजन १५ न्यूटनचे, आणि प्रत्येक हात दाबतो आहे २५ न्यूटनने. हाताला तेल लागलेले असले आणि घर्षणांक ०.२ वर उतरला, तर हेच बल ३७.५ न्यूटन होईल. जरा ढिलाई झाली, की वस्तू निसटली.

मुठीत बोटे आकड्यासारखी अडकवली की हा सारा खटाटोप संपतो. बोटे मुठीच्या खाली असतात आणि वजनाला सरळ खालून आधार देतात. घर्षणावर विसंबावे लागत नाही. १५ न्यूटन वजनाला १५ न्यूटनचा आधार, एवढाच व्यवहार.

कोपराची तरफ

वस्तू पोटाशी धरून नेताना आपण कोपर काटकोनात वाकवतो. अशा वेळी आपला हात ही एक तरफ असते. कोपर हा तिचा टेकू, तळहातावरची वस्तू हा भार आणि दंडाचा स्नायू हे बल लावणारे साधन. तळहात कोपरापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असतो. दंडाचा स्नायू मात्र हाडाला कोपरापासून अवघ्या ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, असे धरू. भाराचे परिबल १५ गुणिले ३०, म्हणजे ४५० न्यूटन-सेंटिमीटर. ते तोलण्यासाठी स्नायूला लावावे लागणारे बल ४५० भागिले ४, म्हणजे ११२ न्यूटनहून थोडे अधिक! वस्तूच्या वजनाच्या साडेसात पट. दोन्ही हात लावले तर हे बल दोघांत वाटले जाईल, पण नाहीसे होणार नाही. पूर्वबाहूचे स्वतःचे वजन तर आपण हिशेबात घेतलेलेच नाही.

आता तीच वस्तू मुठीला धरून हात सरळ खाली सोडा. वजनाची रेषा मनगट, कोपर आणि खांदा यांच्याजवळून जाते. टेकूपासूनचे अंतर जवळजवळ शून्य, म्हणून परिबलही जवळजवळ शून्य. दंडाच्या स्नायूला विश्रांती मिळते. फक्त बोटे मिटलेली ठेवावी लागतात. शिवाय दुसरा हात मोकळा राहतो. जिना उतरताना कठडा धरायला तो लागतोच.

मूठ मागे का?

मूठ यंत्राच्या डोक्यावर न लावता मागे का लावली असेल? गेमक्यूबच्या माथ्यावर तबकडी घालण्याचे झाकण होते. तिथे मूठ आली असती तर झाकण उघडताना ती आडवी आली असती. समोरच्या बाजूला नियंत्रक जोडण्याची चार छिद्रे होती. विजेची आणि टेलिव्हिजनची तार मागच्या बाजूला जोडली जाई. मूठ मागे असल्यामुळे यंत्र भिंतीला टेकवले तरी मध्ये मुठीएवढी फट राहणार, हा आणखी एक लहानसा फायदा.

पण मागची मूठ धरून उचलले तर यंत्र वाकडे होणार नाही का? होईल, आणि तसे झाले तरी चालते. एक पट्टी घ्या, तिच्या टोकाच्या छिद्रात टाचणी घालून ती टांगा. थोडा वेळ हेलकावे खाऊन पट्टी सरळ खाली लोंबेल. टांगलेली वस्तू नेहमी तिचा गुरुत्वमध्य आधाराच्या बरोबर खाली येईल अशा रीतीने स्थिरावते. याला स्थिर समतोल म्हणतात. गेमक्यूबही तसेच लोंबे : मूठ वर, समोरची बाजू जमिनीकडे. ते कसे तोलायचे याची चिंता उचलणाऱ्याला करावी लागत नसे. ते काम गुरुत्वाकर्षणच करी.

मूठ जाड असण्यालाही कारण आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दोन मिलिमीटर जाडीची सुतळी ८ सेंटिमीटर रुंदीच्या बोटांवर टेकली, तर क्षेत्रफळ १.६ चौरस सेंटिमीटर भरते. १५ न्यूटन वजनाचा दाब ९ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटरहून जास्त होतो. तिच्या जागी दीड सेंटिमीटर रुंदीची मूठ असली, तर क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर आणि दाब फक्त सव्वा न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर. बाजारातून भाजीची प्लॅस्टिकची पिशवी आणताना बोटांवर उमटणारे वळ आठवा, म्हणजे हा फरक आकड्यांवाचूनही पटेल.

हातातून पडले तर

इतका विचार कशासाठी? पडण्याच्या भीतीने. दीड किलोचे यंत्र एक मीटर उंचीवरून फरशीवर पडले, तर जमिनीला टेकताना त्याची गतिज ऊर्जा १५ जूल असते. कठीण फरशीवर ते समजा २ मिलिमीटर अंतरात थांबले. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून सरासरी बल १५ भागिले ०.००२, म्हणजे ७,५०० न्यूटन. यंत्राच्या वजनाच्या ५०० पट! आत लेसर किरणाने तबकडी वाचणारे नाजूक भिंग असते. असा धक्का त्याला सोसेलच याचा भरवसा नाही. आणि अशी यंत्रे नेणारी असतात बहुधा मुले, घाईत, गप्पा मारत. पकड घर्षणावर सोडायची की आकड्यावर, याला इथे महत्त्व येते.

अर्थात कोणत्याही यंत्राला मूठ चिकटवली की काम झाले असे नाही. त्यासाठी यंत्र आधी लहान असावे लागते. गेमक्यूबची तबकडी अवघ्या ८ सेंटिमीटर व्यासाची होती. नेहमीची तबकडी १२ सेंटिमीटरची असते. विजेचा दाब कमी करणारा अडॅप्टरही यंत्राबाहेर, तारेवर ठेवलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’मध्ये अडॅप्टर आणि हार्ड डिस्क आतच होती. ते यंत्र जवळजवळ ४ किलोचे होते, आणि त्याला मूठ नव्हती.

मग उपयोग झाला का?

मुठीविरुद्धची बाजूही ऐकली पाहिजे. मूठ फक्त यंत्राला होती. अडॅप्टर, तारा, तबकड्या आणि चार जणांचे चार नियंत्रक कशात न्यायचे? पिशवीत. पिशवी घ्यायचीच, तर यंत्रही तिच्यातच का ठेवू नये? शिवाय मित्राकडे तेच यंत्र असेल, तर आपला खेळ जिथवर आला ती नोंद साठवणारे, काही ग्रॅम वजनाचे मेमरी कार्ड खिशात टाकले की पुरे.

हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांतूनच मुठीची खरी जागा कळते. एका घरात यंत्र आहे, शेजारच्या घरात नाही. चार जणांना एकत्र खेळायचे आहे. किंवा माजघरातल्या टेलिव्हिजनवर मोठ्यांचा कार्यक्रम चालू आहे म्हणून यंत्र दुसऱ्या खोलीत न्यायचे आहे. अशा ठिकाणी मूठ कामी येते. तिच्या मदतीला आणखी एक गोष्ट होती. त्या काळच्या बहुतेक टेलिव्हिजनला पिवळे, पांढरे आणि लाल अशा तीन रंगांच्या जोडण्या असत. दुसऱ्याच्या घरी तार बसलीच नसती, तर मूठ असून काय उपयोग?

मूठ आणखी एक काम करते. ती न बोलता सांगते, ‘मला उचला.’ अॅपल कंपनीच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकाच्या माथ्यावर हात घालायला खाच होती; त्याचे वजन साडेसात किलोच्या आसपास होते. त्याच कंपनीच्या १९९८ सालच्या आयमॅकलाही मूठ होती, आणि तो तर १७ किलोंहून जड! तो रोज हातात घेऊन कोणी फिरणार नव्हते. पण मूठ दिसली की यंत्राला हात लावायची भीती कमी होते, हाही उपयोगच.

बाजाराचा निकाल मात्र मुठीने ठरवला नाही. गेमक्यूब सुमारे २ कोटी १७ लाख विकले गेले. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन २’, ज्याला मूठ नव्हती, ते १५ कोटींहून अधिक. यंत्र निवडताना लोक खेळ कोणते आहेत, किंमत किती आहे, सिनेमाच्या तबकड्या चालतात की नाही, हे पाहतात. निन्टेंडोच्या २००६ सालच्या ‘वी’ या यंत्राला मूठ नव्हती. आणि २०१७ साली त्याच कंपनीचे ‘स्विच’ आले, ते स्वतःचा पडदा घेऊनच. नियंत्रकांसह त्याचे वजन सुमारे ४०० ग्रॅम. त्याला मुठीची गरजच राहिली नाही, कारण ते सबंध यंत्रच हातात मावते. खेळ सोबत नेता यावा ही कल्पना टिकली. ती पुरी करण्याची रीत बदलली.

करून पाहा

कडी असलेल्या एका डब्यात वाळू भरून त्याचे वजन दीड किलो करा. प्रथम तो दोन तळहातांत बाजूंनी दाबून धरा. मग एका तळहातावर, कोपर काटकोनात ठेवून धरा. शेवटी कडीला धरून हात सरळ खाली सोडा. प्रत्येक वेळी हात किती वेळाने भरून येतो ते घड्याळ लावून मोजा आणि मित्रांची मापे आपल्या मापांशी ताडून पाहा. नंतर कडीवर कापडाची जाड घडी गुंडाळून पुन्हा मोजा. चारही वेळा वजन तेच होते. मग काय बदलले, ते प्रत्येक प्रयोगापुढे एका वाक्यात लिहा. ते लिहिता आले, की आपल्या दप्तराची मूठ कशी असावी हेही तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.