टीव्हीला वायफाय दिसतच नाही?

पुण्या-सोलापूरहून सुट्टीला मैंदर्गीला आलात. मॅचला दहा मिनिटं उरलीत आणि टीव्ही म्हणतोय, 'नेटवर्क नाही'. मोबाइलवर मात्र नेट सुसाट! घरातले सगळे तुमच्याकडेच बघणार; कॉलेजला जाता ना तुम्ही! मेकॅनिकला फोन करायच्या आधी जरा थांबा.

घरातलं वायफाय सहसा दोन बँडवर चालतं: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच स्वस्त स्मार्ट टीव्हींना फक्त पहिलाच कळतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल, तर टीव्हीच्या यादीत त्याचं नावच येत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. आयफोन असेल तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' सुरू करा. वेग थोडा कमी होतो, पण मॅचपुरता बास. शिवाय गावाकडच्या जाड भिंतींतून २.४च जास्त आत पोचतो.

नाव दिसतंय, कनेक्टही होतंय, तरी ॲप उघडत नाही? मग टीव्हीची तारीख बघा. (हे कुणी सांगतच नाही!) लाइट गेली की काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शनचं प्रमाणपत्र टीव्हीला ग्राह्य वाटत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ स्वतः घाला.

फॅक्टरी रिसेट अगदी शेवटी. त्यात सगळे पासवर्ड उडतात, आणि आज्जीने लावून घेतलेले चॅनेलसुद्धा.