परदेशात गाडी चालवण्यापूर्वी
परदेशप्रवासाला निघालेले रुग्ण सल्ल्यासाठी येतात, तेव्हा ‘तिकडे स्वतः गाडी चालवणार का?’ असे मी आवर्जून विचारतो. आपल्याकडे प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. तो मूळ परवान्याचे केवळ भाषांतरित रूप होय; म्हणून दोन्ही जवळ हवेत. जपानमध्ये भारतीय पर्यटकाला त्याविना गाडी चालवता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र नुसत्या भारतीय परवान्यावर १२ महिने मोटार चालवता येते.

परंतु कागदपत्रांनी कायदा पुरा होत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून चालकाच्या रक्तातील डायझेपाम, क्लोनाझेपाम, मॉर्फिन यांसारख्या औषधांच्या प्रमाणालाही मर्यादा आहे. वैद्यकीय सल्ल्यानुसार औषध घेणाऱ्यास कायद्यात बचाव आहे. पण औषधाने चालकाचे भान मंदावले असेल, तर आपली चिठ्ठी त्याला वाचवू शकत नाही. तेव्हा व्यवसायबंधूंनी झोपेची गोळी लिहून देताना हा एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि प्रवाशांनी चिठ्ठीची प्रत परवान्यासोबत बाळगावी, ही विनंती.