कुठलं लोणी, कुठले शिवाजी?

पुणे जिल्ह्यात एसटीत बसून नुसतं “एक लोणी द्या” म्हणालात, तर कंडक्टर तिकीट देण्याआधी विचारणार, “कुठलं लोणी?” आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात एक लोणी आहे. शेजारच्या धामणीबरोबर जोडीनं नाव घेऊन लोक त्याला लोणी-धामणी म्हणतात. हवेली तालुक्यात तर दोन आहेत, लोणी काळभोर आणि लोणी कंद. बारामतीकडे लोणी भापकर, इंदापूरकडे लोणी देवकर, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून श्रीगोंद्यात शिरलात की लोणी व्यंकनाथ. म्हणजे गावांनाही आडनावं असतात की! काळभोर, भापकर, देवकर ही तर खरोखर माणसांची आडनावं.

एकाच नावाची गावं इतकी, तर एकाच नावाची माणसं किती असतील? आंबेगावच्या शेजारच्या तालुक्यातूनच सुरुवात करू. जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिजाऊंना मुलगा झाला. गडावरच्या शिवाई देवीवरून त्याचं नाव शिवाजी ठेवलं, असं परंपरा सांगते. पुढचं तुम्हाला पाठ आहे, ते मी सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या नावाचं पुढे काय काय झालं ते.

आधी ते घरातच फिरलं. नातवाला आजोबांचं नाव द्यायची आपली पद्धत जुनी. महाराजांनंतर दोनच वर्षांनी, १६८२ मध्ये, संभाजीराजांना मुलगा झाला. त्याचं नाव शिवाजी! हेच पुढे शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. मग १६९६ मध्ये राजाराम महाराज आणि ताराबाईंना मुलगा झाला. त्याचंही नाव शिवाजी! दोघं चुलतभाऊ, दोघांचे आजोबा एकच, आणि नावही एकच. तिकडे तमिळनाडूत तंजावरला भोसल्यांची दुसरी शाखा राज्य करत होती. तिथल्या शेवटच्या राजाचं नाव काय असेल? बरोबर. ते १८५५ मध्ये वारले.

घराबाहेर पडल्यावर हे नाव कुठे कुठे गेलं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत शाळेत शिक्षक होते. त्यांनी कर्णावर ‘मृत्युंजय’ ही कादंबरी लिहिली, ती १९६७ मध्ये आली आणि आजही घराघरांत आहे. प्राचार्य शिवाजीराव भोसले फलटणच्या कॉलेजचे प्राचार्य, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांचं व्याख्यान म्हटलं की मैदान भरायचं. शिवाजी साटम बँकेत नोकरी करत नाटकात कामं करायचे. १९९८ मध्ये टीव्हीवर ‘सीआयडी’ सुरू झालं आणि ते सगळ्या देशाचे एसीपी प्रद्युम्न झाले. तुमच्या आईबाबांना विचारा, दया कोण आणि दार कोण तोडायचं.

पण माझ्या मते सगळ्यांत मजेदार गोष्ट चेन्नईची आहे.

गणेशन नावाचा एक तरुण तिथे नाटकांत कामं करायचा. सी. एन. अण्णादुराई, जे पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले, त्यांनी शिवाजी महाराजांवर तमिळ नाटक लिहिलं होतं. त्यात गणेशननं महाराजांची भूमिका इतकी जोरदार केली की पेरियार या मोठ्या नेत्यानं त्याला ‘शिवाजी’ गणेशन म्हटलं. ते नाव कायमचं चिकटलं. १९५२ मध्ये त्यांचा ‘पराशक्ती’ हा पहिला सिनेमा आला आणि ते तमिळ पडद्याचे राजे झाले. आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, नाटकात कमावलेलं!

आता दुसरा मुलगा. १९५० मध्ये बंगळुरूत एका मराठी कुटुंबात जन्मला. त्याचं नाव मात्र घरच्यांनीच ठेवलेलं, शिवाजीराव गायकवाड. मोठा होऊन तो शहराच्या बसमध्ये कंडक्टर झाला, मग अभिनय शिकायला मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, गेला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ या सिनेमात घेतलं. पण अडचण अशी की तमिळ सिनेमात एक शिवाजी आधीच होते, आणि तेही केवढे मोठे! मग बालचंदर यांनी त्याला आपल्याच एका जुन्या सिनेमातल्या पात्राचं नाव दिलं, रजनीकांत. होय, तेच!

बघा म्हणजे, ज्याचं नाव जन्मापासून शिवाजी होतं त्याला ते सोडावं लागलं, आणि ज्याचं नव्हतं त्याच्याकडे ते राहिलं. १९९९ मध्ये ‘पडयप्पा’ या सिनेमात दोघं बापलेक म्हणून एकत्र आले. पोस्टरवर मात्र शिवाजी एकच. २००७ मध्ये रजनीकांतनी एका सिनेमात नायकाची भूमिका केली, त्या नायकाचं नाव आणि सिनेमाचंही नाव ‘शिवाजी’. सोडलेलं नाव तीन तासांपुरतं का होईना, परत मिळालं.

ही भानगड फक्त आपल्याकडची नाही. १९८९ च्या सिनेमात बॅटमन झालेला मायकल कीटन आहे ना, त्याचं खरं नाव मायकल डग्लस. पण त्या नावाचा नट हॉलिवूडमध्ये आधीच होता आणि तिथल्या कलाकारांच्या संघटनेत एकाच नावाचे दोघं चालत नसत. म्हणून हा कीटन झाला.

तुम्हाला वाटेल, योगायोगच सगळा. थांबा, थोडं गणित करू. एका डब्यात शंभर वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. एकेकानं डोळे मिटून चिठ्ठी काढायची, नाव वहीत लिहायचं आणि चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा हलवायचा. किती मुलांनी चिठ्ठी काढल्यावर कुठलं तरी नाव दोनदा आलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होईल? नावं शंभर, म्हणजे निदान पन्नास मुलं तरी लागतील, असं बहुतेक जण म्हणतात. उत्तर आहे तेरा!

कारण आपण मुलं मोजतो, पण मोजायच्या असतात जोड्या. तेरा मुलांत प्रत्येकाची जोडी इतर बारा जणांशी लागते. तेरा गुणिले बारा, भागिले दोन, म्हणजे ७८ जोड्या. त्यातल्या एखाद्या जोडीत नाव जुळायला किती वेळ लागणार? चाळीस मुलांच्या वर्गात तर ७८० जोड्या होतात. तिथे चाळीसही नावं वेगवेगळी निघणं इतकं अवघड, की हा खेळ जवळजवळ ९,००० वेळा खेळावा तेव्हा सरासरी एकदा जमेल. वाढदिवसांचंही असंच. वर्षाचे दिवस ३६५, तरी २३ जण जमले की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच.

आणि खऱ्या आयुष्यात सगळी नावं सारखी आवडती नसतात. एखाद्या वर्षी एकाच नावाची लाट येते, आजोबांचं नाव नातवाकडे येतं, लाडक्या राजाचं नाव हजारो घरांत जातं. म्हणजे डब्यात काही नावांच्या चिठ्ठ्या दहा-दहा! मग नावं आणखी लवकर जुळतात. तुमच्या शाळेचा पट घेऊन मोजा हवं तर. फक्त आधी बाईंना विचारा.

गावात यावर सोपा उपाय असतो: मळ्यातला शिवाजी, वरच्या आळीचा शिवाजी, तात्यांचा शिवाजी. शाळेत मधे वडिलांचं नाव येतं. शास्त्रज्ञांना मात्र हे पुरेना. संशोधनाच्या लेखावर बऱ्याचदा आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर एवढंच छापतात. आता ‘एस. पाटील’ म्हणजे कोण? सुनीता, संजय, शिवाजी की सलोनी? म्हणून २०१२ पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ नावाचा सोळा स्थानांचा क्रमांक मिळू लागला. लग्न झालं, नाव बदललं, देश बदलला, तरी क्रमांक तोच.

प्राणी आणि वनस्पतींची नावं ठेवणारे तर फारच कडक. प्राण्यांच्या एका प्रजातीगटाला दिलेलं शास्त्रीय नाव दुसऱ्या कुठल्याही प्राणिगटाला देता येत नाही. वनस्पतींचंही तसंच. पण गंमत अशी, की प्राण्यांची नियमावली वेगळी आणि वनस्पतींची वेगळी, आणि दोघी एकमेकींना विचारत नाहीत. त्यामुळे ज्या तुतीची जांभळी फळं खाऊन तुम्ही शर्ट रंगवता, तिच्या गटाचं शास्त्रीय नाव ‘मोरस’. आणि गॅनेट नावाचा एक मोठा पांढरा पक्षी उंचावरून समुद्रात सूर मारून मासे पकडतो, त्याच्या गटाचं शास्त्रीय नावही ‘मोरस’च. कुणाची हरकत नाही, कारण झाडाला पक्षी समजण्याची चूक कोण करणार?