क्षयरोग चिकित्सा

क्षयरोगाच्या जंतूंचा नाश करून रुग्णास रोगमुक्त करण्यासाठी योजावयाची औषधे आणि ती औषधे रुग्णाने ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावीत म्हणून उभारलेली व्यवस्था, या दोहोंचा या संज्ञेत समावेश होतो. यांपैकी पहिल्या भागाची माहिती बहुतेकांना असते. दुसऱ्याची फारशी नसते. प्रभावी औषधे १९५२ पर्यंत हाती आली होती. ती सामान्य रुग्णापर्यंत पोहोचवून रोग खात्रीने बरा करण्याची रीत ठरण्यास मात्र आणखी तीन-चार दशके लागली.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. कारण कळले, तरी उपाय नव्हता. त्यापुढील सुमारे साठ वर्षे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच चिकित्सेची भिस्त होती. त्यासाठी यूरोपात व नंतर भारतातही आरोग्यधामे निघाली; मिरजेजवळील वानलेसवाडीचे रुग्णालय त्याच परंपरेतील होय. रोगट फुप्फुसास विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरून ते मिटविणे, क्वचित बरगड्या काढणे असे उपायही करीत. यांतून काही रुग्ण बरे होत, परंतु उपायांमुळे किती व आपोआप किती, हे सांगणे कठीण होते.

अमेरिकेतील रटगर्झ विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन हा प्रतिजैव पदार्थ मिळविला. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये या औषधाचा साठा अतिशय तुटपुंजा होता. सर्वांना पुरणार नसेल, तर ते कोणास द्यावयाचे हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्यांप्रमाणे ठरवावे आणि त्यातून निश्चित ज्ञान मिळवावे, असा निर्णय तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतला. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांवरून रुग्णांची वाटणी केली व ती बंद लिफाफ्यांत ठेवली. ५५ रुग्णांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ व दुसऱ्यातील १४ रुग्ण दगावले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणी आधुनिक औषधपरीक्षणाचा आदर्श मानली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पाच वर्षांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ३२ व न मिळालेल्यांपैकी ३५ रुग्ण मृत्यू पावले होते. प्रारंभीचा लाभ बराचसा नाहीसा झाला होता.

याचे कारण जंतूंच्या संख्येत आहे. फुप्फुसातील एका विवरात (पोकळीत) दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. त्यांपैकी सुमारे दहा लाखांत एक स्ट्रेप्टोमायसिनाला मुळातच दाद देत नाही. एकटे औषध दिल्यास बाकीचे मरतात, हे थोडे उरतात आणि काही महिन्यांत तेच सर्वत्र पसरतात. आयसोनियाझिडाच्या बाबतीतही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच आहे; परंतु दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू एक लाख कोटींत (एकावर बारा शून्ये) एक, म्हणजे व्यवहारतः नाहीच. स्वीडनमध्ये यॉर्गेन लेमान यांनी पुढे आणलेले पॅस आणि १९५२ मध्ये प्रचारात आलेले आयसोनियाझिड यांमुळे संयुक्त उपचार शक्य झाला. आयसोनियाझिड हे रसायन प्राग येथे १९१२ मध्येच तयार झाले होते. त्याचा हा गुण चाळीस वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही.

भारतापुढील प्रश्न निराळा होता. लक्षावधी रुग्णांना वर्षभर ठेवण्याइतक्या खाटा मिळणे अशक्यच होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५६ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे क्षयरोग रासायनी चिकित्सा केंद्र स्थापन केले. वॉलेस फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे १९३ गरीब रुग्णांची यादृच्छिक वाटणी करून काहींना आरोग्यधामात, तर इतरांना दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामातील रुग्णांना आहार व विश्रांती कितीतरी अधिक मिळाली, तरी १९५९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांतही रोग अधिक पसरला नाही. शतकभराच्या समजुतीला एवढा स्पष्ट धक्का क्वचितच बसला असेल. जगभर आरोग्यधामे बंद पडण्यास प्रारंभ झाला, त्याला या पाहणीचा मोठा आधार होता.

याच केंद्रात दुसरी गोष्टही उघड झाली. पूर्वसूचना न देता घरी जाऊन गोळ्या मोजल्या व मूत्राची तपासणी केली, तेव्हा अनेक रुग्ण औषध नियमितपणे घेत नसल्याचे दिसून आले. खोकला व ताप काही आठवड्यांत थांबतो, वजन वाढते. रोजंदारी बुडवून पुढे महिनोन् महिने कशासाठी यावयाचे, असे रुग्णास वाटल्यास नवल नाही. बंगलोर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या १९६३ मधील समाजशास्त्रीय पाहणीने दोषाची दुसरी बाजू दाखविली. लक्षणे जाणवणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपण होऊन दवाखान्यात गेले होते, परंतु बहुतेकांची खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन बोळवण झाली होती. अज्ञान रुग्णाचेच असते, हा समज यामुळे टिकण्याजोगा राहिला नाही.

रिफँपिसीन उपलब्ध झाल्यावर पूर्व आफ्रिकेत १९७० पासून झालेल्या परीक्षणांत उपचाराची मुदत दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आणता येते, असे आढळले. रिफँपिसीन व पायरॅझिनामाइड ही सुप्तप्राय जंतूंचाही नाश करतात, हे त्याचे कारण. टांझानियात १९७७ पासून कारेल स्टिब्लो यांनी या संशोधनास हिशेबाची शिस्त जोडली. दर तिमाहीत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, तो बरा झाला, दगावला, उपचार सोडून गेला की अन्यत्र पाठविला गेला, हे नोंदवहीत लिहावेच लागे. किती गोळ्या वाटल्या यापेक्षा किती माणसे बरी झाली, हा कार्यक्रमाचा मापदंड ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात प्रसृत केलेली डॉट्स पद्धती यावरच आधारलेली होती. भारतात तिचा प्रयोग १९९३ मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये ती सर्व देशभर लागू झाली.

औषध समक्ष गिळावयास लावणे कितपत आवश्यक, याविषयी मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिका (१९९८) व पाकिस्तान (२००१) येथील परीक्षणांत केवळ देखरेखीमुळे निष्पत्ती सुधारल्याचे दिसले नाही. रुग्णास रोज दूरवर यावयास लावून देखरेख केली, तर ती साहाय्याऐवजी अडथळा ठरू शकते. भारताने २०१७ मध्ये आठवड्यातून तीनदा देण्याची पद्धत सोडून दैनंदिन मात्रा स्वीकारल्या. सध्या पहिले दोन महिने चार व पुढील चार महिने तीन औषधे देतात.

अपुऱ्या उपचारांतून बहुऔषधरोधी क्षयरोग निर्माण झाला व तो एकापासून दुसऱ्यास होऊ लागला. २०१० पासून मान्यता पावलेल्या जनुकीय चाचणीने रिफँपिसिनास होणारा रोध सुमारे दोन तासांत कळतो. अशा रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षे इंजेक्शनांसह उपचार घ्यावे लागत. बेडाक्विलीन हा घटक असलेला सहा महिन्यांचा तोंडी उपचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पुरस्कारिला.

मद्रासच्या पाहणीवरून आहारास महत्त्व नाही, असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा होता. चांगली औषधे मिळत असता जंतुनाशासाठी आहार निर्णायक ठरत नाही, एवढेच तीवरून दिसले होते. रोग होण्याचा संभव आहारावर पुष्कळ अवलंबून असतो. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात रुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. उपचार चालू असलेल्या रुग्णास पोषणासाठी भारत सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.