दाराआडचा पांडुरंग

आमच्या मुक्ताईनगरला जुनी माणसे अजून एदलाबादच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात पुण्याला शिकणारा माझा भाचा परीक्षा अर्धवट टाकून इथे घरी परतला आणि माडीवरच्या खोलीला कडी लावून बसला. काय झाले म्हणून विचारावे, तर आतून उत्तर येई, "काही नाही मावशी, डोकं दुखतंय वगैरे."

त्या 'वगैरे'ने मला 'कोसला'ची आठवण झाली. भालचंद्र नेमाडे आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. पंचविशीत लिहिलेली त्यांची ही कादंबरी १९६३ साली निघाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात बापाचे पैसे उधळतो, नापास होऊन परततो. तरुणपणी मला तो निव्वळ आगाऊ वाटला होता. सुखवस्तू घरचा मुलगा, आणि वर ही मिजास! यंदा पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले की 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे नुसते तोंडचे चाळे नव्हेत. दुखऱ्या जागेवर कुणाचा हात पडू नये म्हणून घातलेले ते पांघरूण आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तिथे ते फाटते. थट्टा कुठल्या कुठे जाते आणि उरतो तो नुसता आक्रोश.

समीक्षक पांडुरंगाची तुलना सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय'मधल्या होल्डनशी करतात. तोही शाळेतून काढलेला, साऱ्या जगाला ढोंगी म्हणणारा. पण त्याचाही धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, आणि त्या रात्री पोराने गॅरेजच्या काचा मुठीने फोडलेल्या! मला दोघांचे नाते दिसते ते इथे.

आणि आम्ही तर मुक्ताईच्या गावचे. अपमानाने खिन्न होऊन ज्ञानदेव टाटी लावून बसले, तेव्हा बाहेरून विनवणारी धाकटी बहीण हीच. १२९७ साली इथेच तापीकाठी ती विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, असे परंपरा सांगते. वय अवघे अठराच्या आसपास. पांडुरंगाच्या दाराशी हाक मारायला मनीच उरली नव्हती.

मेहुण्यांनी जळगावच्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली होती. ते योग्यच केले. मी मात्र नववीतल्या भाचीला म्हटले, "शाळेतून आलीस की वर जाऊन बस. त्याला काही विचारू नकोस."

चार दिवस ती दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर गृहपाठ करीत बसली. पाचव्या दिवशी आतून आवाज आला, "ते गणित चुकलंय तुझं. केव्हाची तेच तेच पुटपुटतेयस."

आणि कडी वाजली.