चौकट : दापोलीची शाळा आणि पेन्शनर महारांचे अर्ज

लष्करी छावणीमुळे वसलेल्या दापोलीत निवृत्तीनंतर स्थायिक झालेल्या महार सैनिकांनी 1890 च्या दशकात, आपल्या मुलांना स्थानिक शाळेत प्रवेश नाकारला जातो याविरुद्ध, अर्जांच्या मार्गाने लढा दिला. पलटणीच्या शाळांत, म्हणजे लष्कराने सैनिक व त्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या वर्गांत, ही मंडळी लिहायला-वाचायला शिकलेली असल्याने आपले गाऱ्हाणे ती स्वतः कागदावर मांडू शकत होती. 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यातील अग्रणी असून त्यांनी ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. आर्य आक्रमकांनी मूळ रहिवाशांना हीन ठरवले, या जोतीराव फुले यांच्या मांडणीचा आधार त्या नावामागे होता, म्हणून शाळेतील हा भेद वलंगकरांच्या दृष्टीने वंशभेदही होता.

वास्तविक, 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारल्यानंतर सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व कंपनी सरकारने मान्य केले होते, आणि 1882 च्या हंटर आयोगाने, म्हणजे शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने, त्याला दुजोराही दिला होता. तरीही दापोलीत मुलांना मिळाली ती पडवीतली जागा; अशा प्रवेशाला न्याय म्हणणे कठीण आहे. सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला तो 1923 मध्ये.