औषधांच्या कपाटास सरकत्या फळ्या : राऊटर व फर्मा वापरताना घ्यावयाची दक्षता

पिकांवर फवारावयाची कीटकनाशके घरात कोठे व कशी ठेवली जातात, हे पाहण्याचा प्रसंग विस्तारकार्याच्या निमित्ताने वरचेवर येतो. पुष्कळ घरी कुलपाचे कपाट असते. तरीही त्या कपाटाच्या शेजारी, जमिनीवर किंवा भिंतीतील कोनाड्यात, दोनचार बाटल्या उघड्यावर ठेवलेल्या आढळतात. चौकशी केली असता बहुधा एकच उत्तर मिळते : "साहेब, ही बाटली कपाटात उभी राहत नाही." कपाटाच्या फळ्या ठोकून पक्क्या केलेल्या असतात. १०० मिलिलिटरची बाटली, एक लिटरची बाटली, पाच लिटरचा डबा आणि भुकटीची पुडी यांची उंची निरनिराळी असल्याने एका कप्प्यात निम्मी जागा रिकामी जाते, तर दुसऱ्यात उंच बाटली शिरतच नाही. जी बाटली कपाटात मावत नाही ती बाहेर राहते, आणि मुलांच्या हाती नेमकी तीच लागण्याचा संभव अधिक असतो.

यावर सोपा उपाय म्हणजे वरखाली हलविता येणाऱ्या फळ्या. कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या आतील अंगास छिद्रांच्या उभ्या ओळी पाडावयाच्या, हव्या त्या उंचीवर चार छिद्रांत चार लहान खुंट्या बसवावयाच्या व त्यांवर फळी ठेवावयाची. हल्ली गावोगावच्या सुतारांकडे व काही शेतकऱ्यांकडेही राऊटर हे विजेचे यंत्र आलेले आहे. त्याच्या साहाय्याने ही छिद्रे फार स्वच्छ पडतात. तथापि हे यंत्र जितके उपयुक्त तितकेच हाताला घातक आहे. ते कसे वापरावे, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे योग्य होईल. एकच लहान कपाट करावयाचे असेल व राऊटर घरी नसेल, तर तो विकत घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. साधे हातड्रिल व खोली ठरविण्यासाठी बिटास गुंडाळलेली चिकटपट्टी यांवर काम भागते. छिद्रांच्या कडा किंचित फाटतील, एवढेच. ज्यांच्याजवळ राऊटर आहेच, किंवा सुताराकडून जे हे काम करवून घेणार आहेत, त्यांच्यासाठी पुढील विवेचन आहे.

फर्मा

कामाची निम्मी सुरक्षितता फर्म्यात असते, यंत्रात नव्हे. फर्मा म्हणजे बारा मिलिमीटर जाडीच्या सपाट प्लायवूडचा एक तुकडा. त्यात ठरावीक अंतरावर आरपार छिद्रे असतात. राऊटरच्या बैठकीखाली गाईड बुश या नावाने मिळणारी धातूची कडी बसवितात. ही कडी फर्म्याच्या छिद्रात नेमकी बसते व फिरणारे बिट तिच्या मधून खाली उतरते. त्यामुळे यंत्र जागेवरून घसरत नाही व हातास ते आवरून धरण्याचे कष्ट पडत नाहीत. कडीची बाहेरची रुंदी दहा मिलिमीटर असल्यास फर्म्याची छिद्रेही दहा मिलिमीटरचीच असावीत. सैल छिद्रात कडी डुगडुगते व बिट मोडते. कडी फर्म्याच्या जाडीपेक्षा लांब असू नये. असल्यास ती खालच्या लाकडावर टेकते आणि यंत्राची बैठक अधांतरी राहते. अशा वेळी ती कानशीने घासून कमी करावी.

कपाट १२०० मिलिमीटर उंच व ३०० मिलिमीटर खोल आहे असे समजू. फर्मा ३०० मिलिमीटर रुंद, म्हणजे बाजूच्या फळीएवढाच, व ९५० मिलिमीटर लांब करावा. दोन्ही कडांपासून ३७ मिलिमीटर आत एकेक उभी रेघ मारून प्रत्येक रेघेवर ३२ मिलिमीटरच्या अंतराने सोळा छिद्रे पाडावीत. पहिले छिद्र तळापासून ३५० मिलिमीटरवर असावे. ३७ व ३२ हे आकडे युरोपातील कपाटांच्या कारखान्यांनी रूढ केलेले आहेत व तयार सामान याच मापावर मिळते, म्हणून ते स्वीकारणे सोयीचे. अन्यथा त्यांत काही विशेष नाही.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांची चूक होते तो भाग. प्रस्तुत लेखकाने केलेल्या पहिल्या कपाटाची फळी चार खुंट्यांपैकी तीनच खुंट्यांवर टेकत असे, आणि तिच्यावर ठेवलेली बाटली दार उघडताच डोले. मापे पुनःपुन्हा घेतली तरी दोष सापडेना. शेवटी कारण ध्यानात आले. फर्म्यातील डाव्या व उजव्या ओळींत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक राहिला होता. कपाटाच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या असतात : डाव्या बाजूची पुढची कड डावीकडे येते, तर उजव्या बाजूची उजवीकडे. फर्मा दोन्ही फळ्यांवर एकाच अंगाने ठेवल्यामुळे एका बाजूची पुढची ओळ फर्म्याच्या डाव्या ओळीने पडली व दुसरीची उजव्या ओळीने. साहजिकच फळी पिळवटली.

यावर तोडगा असा. फर्म्याच्या एका टोकास 'तळ' व एका कडेस 'पुढे' अशी अक्षरे दोन्ही अंगांवर ठळक लिहावीत. एका बाजूची छिद्रे झाल्यावर फर्मा पुस्तकाचे पान उलटावे तसा पालथा करावा. 'तळ' तळाकडेच राहते आणि 'पुढे' लिहिलेली कड पुन्हा पुढच्याच कडेवर येते. मग फर्म्यात थोडाबहुत दोष असला तरी तो दोन्ही बाजूंस सारखाच उतरतो. फळी फार तर किंचित पुढे किंवा मागे झुकेल. परंतु डोलणार नाही. फर्म्याचा तळ व फळीचा तळ मात्र प्रत्येक वेळी बोटाने चाचपून एका पातळीत आणावेत. वरच्या टोकापासून माप घेण्याचा मोह टाळावा.

यंत्राची तयारी

बिट बदलण्यापूर्वी वायरीची पिन खोबणीतून काढून ती डोळ्यांसमोर ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. छिद्रासाठी पाच मिलिमीटरचे, तळाशीही धार असलेले बिट घ्यावे. काही सरळ बिटांना केवळ अंगास धार असते. ती लाकडात खाली उतरत नाहीत, घासून धूर काढतात. ड्रिलचे पिळाचे बिट राऊटरमध्ये कदापि लावू नये. राऊटर मिनिटास सुमारे १०,००० ते ३०,००० फेरे घेतो. ते बिट या वेगासाठी केलेले नसते व वाकल्यास तुकडे होऊन उडते. बिटाचा दांडा कॉलेटमध्ये पूर्ण आत घालून दोनतीन मिलिमीटर मागे ओढावा व मग पान्याने आवळावा. अगदी तळाला टेकवून आवळलेला दांडा पुढे सैल होण्याचा संभव असतो.

त्यानंतर खोलीची अडसर-दांडी बसवावी. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये छिद्र अकरा मिलिमीटर खोल असावे. फर्म्याची जाडी बारा मिलिमीटर असल्याने बिट यंत्राच्या बैठकीखाली तेवीस मिलिमीटर उतरले पाहिजे. ही बेरीज विसरल्यास छिद्र पडतच नाही; आणि घाईने अडसर सैल सोडल्यास बिट फळीच्या पलीकडे निघते. प्रथम टाकाऊ तुकड्यावर एक छिद्र पाडून त्यात खुंटी बसवून पाहावी.

विजेच्या जोडणीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. वायरीची उघडी टोके आगकाडीने खोबणीत खोचून यंत्र चालविण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत अद्याप दृष्टीस पडतो. तो जिवावरचा खेळ आहे. पिन नीट बसविलेली असावी व फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच असावे. गुंडाळलेली लांब वायर तापते, म्हणून ती पूर्ण उलगडावी व खांद्यामागून घ्यावी.

दुसरा धोका वीज जाण्याचा. काम चालू असता वीज गेली की आपण सहजच यंत्र बाकावर ठेवून बाहेर येतो. बटण मात्र चालूच राहते. काही वेळाने वीज परतली की ते यंत्र आपोआप फिरू लागते, व बाकावर नाचत खाली, एखाद्याच्या पायावर येते. परतलेल्या विजेवर आपोआप सुरू न होण्याची सोय काही नव्या यंत्रांत असते, पण सर्वांत नसते. म्हणून वीज जाताच, प्रथम बटण बंद करावे, पिन काढावी आणि मगच कामावरून हलावे. एवढी एकच सवय लागली तरी हा लेख कारणी लागला असे वाटेल.

छिद्रे पाडणे

फळी व फर्मा दोन्ही एकत्र बाकास किमान दोन क्लॅम्पांनी आवळावीत. एका हाताने फळी दाबून धरावयाची व दुसऱ्या हाताने यंत्र चालवावयाचे, ही पद्धत येथे सर्वथा वर्ज्य आहे. दोन्ही हात यंत्राच्या दोन मुठींवरच असावेत. क्लॅम्प यंत्राच्या वाटेत येत असल्यास एका वेळी एकच सोडून हलवावा, म्हणजे फर्मा जागचा हलत नाही.

उपरणे, पदर, सैल बाह्या, हातातील कडे अथवा दोरा यांपैकी काहीही फिरत्या बिटाजवळ नसावे. हातमोजेही घालू नयेत. त्यांचा धागा बिटात गुंतल्यास बोट ओढले जाते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, कानांत बोळे व नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखपट्टा अवश्य असावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला आहे. तेव्हा नुसता रुमाल बांधून भागणार नाही. काम शक्यतो मोकळ्या पडवीत करावे.

कडी फर्म्याच्या छिद्रात बसवून बिट वर असतानाच यंत्र चालू करावे. त्याने पूर्ण वेग घेतला की ते सरळ खाली दाबावे. अकरा मिलिमीटर एका दमात उतरू नये; दोनतीन टप्प्यांत उतरून मध्ये किंचित वर घ्यावे, म्हणजे भुसा बाहेर पडतो व बिट जळत नाही. खाली असताना यंत्र बाजूस रेटू नये. पाच मिलिमीटरचे बिट बाजूचा रेटा सोशीत नाही. छिद्र पुरे झाल्यावर बिट पूर्ण वर येऊ द्यावे आणि मगच यंत्र पुढच्या छिद्रावर न्यावे. बिट फिरते असताना यंत्र बाकावर ठेवू नये.

प्रत्येकी सोळाच्या चार ओळी, म्हणजे एकूण चौसष्ट छिद्रे होतात. पहिली दहा माणूस जपून पाडतो. पुढे हाताला लय येते, लक्ष उडते आणि बिट वर येण्यापूर्वीच यंत्र सरकविले जाते. प्रत्येक ओळीनंतर यंत्र बंद करून, पिन काढून, भुसा झाडावा. विश्रांतीही होते आणि कॉलेट सैल झाले आहे काय हेही पाहून होते.

फळ्या व मांडणी

खुंट्या पाच मिलिमीटरच्या पोलादी घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या खुंट्या जड डब्यांच्या ओझ्याने वाकतात. फळी कपाटाच्या आतील रुंदीपेक्षा दोनतीन मिलिमीटर कमी असावी. बाटल्या घसरू नयेत म्हणून तिच्या पुढच्या कडेस वीस मिलिमीटर उंचीची पट्टी ठोकावी. आतून तेलरंगाचे दोन हात दिल्यास सांडलेले औषध लाकडात मुरत नाही. रंग देताना छिद्रांत आगकाड्या खोचून ठेवाव्यात. नाहीतर रंगाने छिद्र आवळते व खुंटी अर्धीच आत जाते. अर्धवट बसलेली खुंटी ओझ्याने केव्हा निसटेल याचा नेम नसतो.

पाच लिटरचे डबे सरकत्या फळीवर न ठेवता तळाच्या पक्क्या फळीवर ठेवावेत. त्यांच्या वर द्रवरूप औषधांच्या बाटल्या व सर्वांत वर भुकटीच्या पुड्या असा क्रम लावावा. म्हणजे एखादी बाटली गळली तरी भुकटी भिजत नाही. वेष्टनावरील लाल त्रिकोण अत्यंत विषारी औषध दर्शवितो. पिवळा, निळा व हिरवा हे त्याहून उतरत्या विषारीपणाचे. हे त्रिकोण समोरून दिसतील अशा रीतीने बाटल्या मांडाव्यात. औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. बियाणे, पेंड किंवा धान्य या कपाटात ठेवू नये, मग एखादा कप्पा रिकामा का असेना.

हंगाम बदलला की बाटल्यांचे आकारही बदलतात. त्या वेळी फळी रिकामी करून चारही खुंट्या एकाच क्रमांकाच्या छिद्रांत हलवाव्यात. छिद्रांच्या शेजारी पेन्सिलीने एक ते सोळा आकडे टाकून ठेवल्यास मोजण्यात चूक होत नाही. फळी बसविल्यावर तिच्या चारही कोपऱ्यांवर हाताने दाबून पाहावे. ती डोलत असल्यास बाटल्या ठेवण्यापूर्वी खुंट्या पुन्हा तपासाव्यात, आणि मग कपाटास कुलूप लावून किल्ली फवारणी करणाऱ्या प्रौढ माणसाजवळच ठेवावी.